मन्या, ते लिंबू मी खाल्लं

“खाल्लास? नजरेचं लिंबू खाल्लास? थुंक! आरं हरामखोरा, थुंक आधी!”

मन्या, तुझे अप्पा माझी मानगूट धरून असे ओरडत होते आणि तू त्या वेळी आमच्या डोक्यावर, आकाशात होतास. अप्पांचा आवाज तुला नव्यानं सांगायला नको. रेणापूरच्या दुकानात ते गल्ल्यावर बसून शिंकले की उदगीरच्या बाजारात बैल दावं तोडतात. त्या आवाजाखाली तुझ्या विमानाचा आवाज दबून गेला, वरचं काही ऐकूच येईना. मी तोंडातली सुशीला तळहातावर थुंकली. हळदीत भिजलेले मुरमुरे, दोन शेंगदाणे, आणि त्यावर पिळलेलं ते लिंबू. अप्पा माझ्या तळहाताकडं बघत होते, मी अप्पांच्या तोंडाकडं. वर कुणीच बघत नव्हतं.

म्हणून तू पडताना तुझ्या बापानं पाहिलं नाही आणि मीही नाही. लोक विचारतात तेव्हा मी सांगतो, पाहिलं की, घारीसारखं गोल फिरलं, शेवटी पंख हलवून मला रामराम केला आणि मग खाली. साफ थाप. आम्ही थुंकलेले मुरमुरे बघत होतो.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी क्रमानं सांगतो. मी क्रमानं सांगायला लागलो की तू मध्ये तोंड घालून माझे आकडे कापायचास. मी ‘हजार माणूस’ म्हटलं की तू शांतपणे ‘पन्नास’ म्हणायचास. घाल आता तोंड. मी थांबतो हवं तर.

नाही ना? बरं.

लातूरच्या बाहेर, सोयाबीनच्या रानांमध्ये ती धावपट्टी. पोरांना विमान चालवायला शिकवणारी शाळा, पत्र्याचं शेड, आणि शेडमध्ये विमानांच्या पोटाखाली आडवा पडलेला तू. भोकरला ट्रॅक्टर विकताना मी गिऱ्हाइकांना सांगायचो, माझा दोस्त विमानांचा डॉक्टर आहे, आजारी विमानं दिल्लीहून रडत रडत त्याच्याकडं येतात. तुझ्या कानावर हे गेलं की तू कसनुसा व्हायचास. “नाम्या, मी नट पिळतो. नट अर्धा फेरा जास्त पिळला की तुटतो. थापेचं पण तसंच असतंय. जरा कमी पिळ.” आणि नट तू असा पिळायचास की बोलायची सोय नाही. जेवताना एखादा आठवला तर उष्ट्या हातानं गाडीला किक मारून परत शेडमध्ये जायचास. तुझी आई, अव्वा, ताट झाकून बसायची आणि मी तुझ्या वाटणीची भाकर खायचो.

तुला नोकरी लागली तेव्हा मी गावभर सांगितलं होतं, शिवरात्रीला मन्मथ विमानातून बेलपत्रं टाकणार. अर्धं रेणापूर गच्चीवर चढलं. अव्वा पदर पसरून उभी, दुपारपर्यंत. तू शेडमध्ये चाकात हवा भरत होतास. नंतर महिनाभर माझ्याशी बोलला नाहीस.

त्या सकाळी अप्पा पहिल्यांदा तुझं काम बघायला आले. आत्तापर्यंत त्यांच्या लेखी तू बापाचं दुकान सोडून पत्र्याखाली ग्रीस चाटायला गेलेला माणूस. पण एका छोट्या विमानाचं इंजिन तू पहिल्यांदाच स्वतःच्या जबाबदारीवर उतरवून, खोलून, परत चढवलं होतंस, आणि अव्वानं त्यांना दारातून अक्षरशः ढकलून माझ्या गाडीत बसवलं होतं. असं विमान दुरुस्त झालं की पोरांच्या हाती देण्याआधी एकदा वर नेऊन बघतात. पायलट उडवतो, दुरुस्ती करणारा शेजारी बसून काटे वाचतो. आमच्याकडं ट्रॅक्टरची ट्रायल असते तीच गोष्ट. फक्त ट्रॅक्टर बंद पडला तर खाली उतरून लाथ घालता येते.

अप्पांच्या पिशवीत नारळ, विभूती, बेल, मिरच्या आणि लिंबं. तुमच्या घरात नवा वजनकाटा आला तरी त्याला आधी लिंबू, मग माल. तुला आठवतं, तुझ्या सायकलीला बांधलेलं लिंबू मी सोडून सरबत केलं होतं आणि अप्पांनी आपल्या दोघांना मापाच्या लोखंडी शेरानं हाणलं होतं? तेव्हाही खाल्लं मी आणि मार मिळाला तुला.

तर विमानाला विभूतीचे तीन पट्टे ओढले. नारळ फुटला. चाकाखाली एक लिंबू ठेवलं. दुसरं कुठं बांधायचं यावर खल झाला. नाकावरच्या पंख्याला तू बांधू देईनास. मग अप्पांना विमानाच्या पंखाखाली पुढं आलेली ती बोटभर नळी दिसली. त्यांना वाटलं, देवानंच लिंबासाठी खिळा ठोकून ठेवलाय. खचकन खोचलं.

“अप्पा, त्यो खिळा न्हाई. नळी हाय,” तू पुढं झालास. “तिच्यातून वारा आत जातो, तव्हा इमान किती जोरात चाललंय ते आतल्या काट्यावर कळतंय.”

“मग? वारा काय लिंबाला भितोय का?”

“काढू द्या अप्पा.”

“चाक हललं की काढ. हलायच्या आधी काढलं की उलटी लागती नजर. मला शिकवायलास? तू जन्मायच्या आधीपासून लिंबं बांधायलोय मी.”

कॅप्टन बाजूला हातमोजे चढवत उभे होते. पांढऱ्या मिशांचा, गोड माणूस. ते हसले, “रहने दो मन्मथ, बाप का मन रह जाएगा.” (कॅप्टन, तुमच्या घरच्यांनी हे वाचलं तर माफ करा. तुम्ही चांगुलपणानं बोललात, एवढं मी कुठंही सांगेन, आणि यात थाप नाही.)

आणि तू म्हणालास, “हाव अप्पा. काई होत न्हाई.”

मन्या, इथं आपलं भांडण आहे आणि ते मिटायचं नाही. जन्मभर मी थापा मारल्या आणि एका माणसाच्या केसाला धक्का लागला नाही. फार तर भोकरच्या कुणी पन्नासच्या ठिकाणी चाळीस हॉर्सपॉवर घरी नेली असेल. तू कधी थाप मारली नाहीस. मारायची सवय नाही, अंदाज नाही, किती पिळायची ते कळत नाही, आणि पहिली थाप मारायला बसलास ती विमानाबद्दल! ‘काई होत न्हाई.’ गाढवा, मला सांगायचं होतंस. मी अप्पांना पटवलं असतं की विमानाला लिंबू नाही, नारळाची शेंडी लागते, काशीच्या स्वामींनी तसं सांगितलंय, खुद्द माझ्या कानात. त्यांनी ऐकलं असतं. खऱ्यासाठी तुझ्याकडं अप्पांसमोर तोंड नव्हतं आणि खोट्यासाठी तू मला विचारलं नाहीस. उष्ट्या हातानं एका नटासाठी लातूर गाठणारा तू, बापानं डोळे वटारल्यावर ‘हाव अप्पा’ म्हणून मोकळा झालास.

विमान हातानं ढकलून शेडबाहेर काढलं. चाक हललं. तू लगेच लिंबू उपसलंस, खिशातल्या फडक्यानं नळी पुसलीस, वाकून आत डोळा लावलास. तेवढ्यात अप्पा मागून कडाडले, “आता काय सोनं हुडकायलास त्यात? मुहूर्त चाललाय!” आणि तू उठलास.

मी विचारलं, “मला पण ने की, मागं जागा हाय.”

तू म्हणालास, “तुला वजन इचारलं तर त्यात पण थाप मारशील.” हसलास. लिंबू माझ्या हातात दिलंस. “धर. हितं टाकू नको, अप्पा बघायलेत. जाताना चौकात टाक.”

हे तुझे शेवटचे शब्द. चौकात टाक. माणसं मरताना काय काय बोलून जातात, आणि तू मला कचऱ्याची कामं सांगून गेलास. पण तू मला मागं बसू दिलं नाहीस म्हणून आज माझी बायको मला शिव्या घालू शकते, हे तिला रोज सांगतो. ती म्हणते, मन्मथभाऊजींनी एवढं एक चुकीचं केलं. तुझी आठवण काढायची तिची ही रीत आहे.

विमान सुटलं, उचललं गेलं, अप्पांनी दोन्ही हात जोडले आणि पहिल्यांदा, मन्या, मी सांगतो पहिल्यांदा, त्यांच्या तोंडून निघालं, “आपलं पोरगं हाय आत.” हे मी वाढवून सांगत नाही. वाढवलं असतं तर अप्पांना रडवलं असतं. ते रडले नाहीत, नुसते म्हणाले. मला तेव्हा भूक लागली होती. लातुरातून बांधून आणलेली सुशीला मी कागदावर उघडली. लिंबू हातात होतंच, वर त्याला भोकही पाडलेलं. पिळलं.

पुढचं तुला माहीत आहे. म्हणजे मला माहीत आहे त्यापेक्षा तुलाच जास्त.

सोयाबीनमध्ये आम्ही पोचलो तर लोक आधीच मोबाईल वर धरून गोल उभे. अप्पा धोतराचा सोगा हातात धरून माझ्या पुढं पळत होते, या वयात. एक पंख बाजूला तुटून उभा राहिलेला, त्यावर विभूतीचे तीन पट्टे जसेच्या तसे. कॅप्टन आणि तू आत, सीटचे पट्टे बांधलेले, नीट बसलेले. शिवरात्रीला तू वरून येणार ही माझी थाप अशी खरी करायची काही गरज नव्हती.

तुमच्यात माणसाला बसवून पुरतात. रेणापुरात खड्डा तसाच खणलेला होता, चौकोनी, खोल. पण सरकारी दवाखान्यातून तू आलास तो आडवा, पांढऱ्यात गुंडाळलेला, आणि आठ माणसांनी जोर लावला तरी तू वाकेनास. आयुष्यभर बापापुढं वाकलास आणि नेमका त्या दिवशी नाही. स्वामी अप्पांकडं बघायला लागले. अप्पांनी कापडावरून तुझ्या गुडघ्यावर हात ठेवला, एकदा दाबून पाहिला, आणि ‘पोतं आत घ्या’ म्हणतात त्याच आवाजात म्हणाले, “खड्डा लांबवा.” लोकांनी खड्डा लांबवला. मागून अव्वा विचारत होती, “झोपवायलेत का त्याला? झोपवायलेत का?”

माती देऊन परतताना अप्पा चौकात उभे राहिले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, “या नाम्यानं माझ्या लेकराच्या नजरेचं लिंबू खाल्लं. नजर सुटली ती उलटी माझ्या लेकरावर गेली.”

संपलं. त्या दिवसापासून रेणापुरात मी शिरलो की भाजीवाल्या लिंबांवर पोतं टाकतात. हॉटेलात मिसळीसोबत मला कांदा देतात, फोड देत नाहीत. एकानं तर मला बघून खिशातली लिंबाची गोळी गिळली, चोखायला थांबला नाही. हे तुला थापा वाटत असतील. निम्म्या आहेत. पण अव्वाचं सांगतो ते खरं. मी ओट्यावर पाय ठेवला तर ती पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. तिच्या हातच्या जवारीच्या भाकरीवर मी तुझ्याइतकाच वाढलोय. ती म्हणाली, “लिंबू न्हाई नाम्या, तू माझं लेकरू खाल्लास.” आणि पिठाच्या हातांनी दार लावलं. कडीवर पीठ राहिलं होतं.

मग तपासाचे साहेब नांदेडला माझ्या घरी आले. तरुण, इस्त्रीचा शर्ट, घामानं बेजार. म्हणाले, “ते लिंबू तुमच्याकडं होतं म्हणे. कुठं आहे?”

“खाल्लं.”

“सगळं?”

“सालीचं लोणचं घालणार होतो, सवड मिळाली नाही.”

“बिया किती निघाल्या?”

मन्या, माझ्या हयातीत मला एवढा गंभीर प्रश्न कुणी विचारला नव्हता. एरवी मी पोतंभर बिया सांगितल्या असत्या. पण मी आठवत बसलो, आणि आठवलं ते असं की सुशीलेत एकही बी दाताखाली आली नव्हती. मी तसं सांगितलं. मग त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. पंखाखालची तीच नळी, उभी कापलेली. आत वाळलेला गर, आणि हरभऱ्याएवढ्या भोकात घट्ट बसलेली एक बी.

सुरुवातीला वारा जात होता, ते म्हणाले. काटा हलला, विमान उचललं. मग वाऱ्यानंच ती बी आत ढकलून बूच मारलं. त्यानंतर विमान जसजसं वर जाईल तसतसा काटा खोटं सांगायला लागला, वेग वाढतोय, वाढतोय. कॅप्टननं वेग कमी करायला नाक वर उचललं. खरा वेग आधीच संपत आला होता. विमान हवेत जागच्या जागी थांबल्यासारखं झालं आणि कोसळलं.

“आणि इंजिन?” मी विचारलं.

“इंजिनाचं काम अगदी चोख होतं,” साहेब म्हणाले.

ऐकलंस? एकूण एक नट जागेवर होता. परत शेडमध्ये जायची गरज नव्हती. जेवायचं होतंस निवांत.

मी विचारलं, त्याच्या वडिलांना हे सांगणार का. ते म्हणाले, आमचं काम लिहिण्याचं. मला वाटलं, म्हणजे नाही.

आता माझी गंमत बघ. मला गावानं खुनी ठरवलेलं. सुटायला माझ्याकडं एक खरी गोष्ट, जन्मातली पहिली, आणि ती सांगायची तर म्हाताऱ्याला सांगायची की तुझ्या लेकराला तुझ्या हातानं खोचलेल्या लिंबानं मारलं. सराव म्हणून मी ती भोकरला एका गिऱ्हाइकाला सांगून पाहिली. लिंबाच्या बीनं विमान पडलं म्हणून. तो पोट धरून हसला. पाठीवर थाप मारून म्हणाला, “नामदेवराव, आजवरची सगळ्यात भारी!” आणि ट्रॅक्टर घेऊन गेला. तुझ्या मरणावर माझा एक ट्रॅक्टर खपला, मन्या. पार्टी राहिली तुझी.

शेवटी अव्वाच्या दारावरचं ते पीठ मला झोपू देईना. मी नांदेडहून निघालो. अहमदपूरपर्यंत ठरलं होतं, खरं सांगायचं. माझं नाव धुऊन निघेल, अव्वा दार उघडेल, मी तिच्यासमोर बसून एकदा पोटभर रडेन. चाकूर मागं पडलं तेव्हा डोळ्यासमोर नुसते अप्पा, धोतर धरून पळणारे. रेणापूर दिसेपर्यंत मी नवी थाप जुळवून ठेवली. खास, ठोकून पक्की केलेली, तुझ्या नटासारखी.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अप्पा तूरडाळीच्या पुड्या बांधत होते. लिंबाची टोपली जिथं असायची तिथं साबण रचलेले. त्यांनी मला बस म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. मी उभ्या उभ्याच सुरू केलं.

“अप्पा, तपासाचे साहेब मला भेटले. मन्याचं काम शंभर टक्के बरोबर होतं. इंजिन बरोबर, विमान बरोबर, कॅप्टन बरोबर. ते म्हणले, असं इमान पडूच शकत न्हाई. यंत्रात काई कारणच सापडंना. ते स्वतः म्हणले, मग हे नजरेचंच काम. म्हणजे मीच, अप्पा. तुमचं खरं हाय. माझ्यामुळंच झालं.”

मन्या, मी एवढी सुंदर थाप उभ्या जन्मात मारली नव्हती. तू असतास तर एकही आकडा कापला नसतास.

अप्पांनी डाळ तराजूत ओतली. काटा स्थिर होऊ दिला.

“आलते ते साहेब,” ते म्हणाले. “तुझ्याकडं यायच्या आधी हितं आलते. फोटो दावला मला. नळीत बी हाय.”

बाहेर एक ॲपे रिक्षा भाड्यासाठी लातूर, लातूर करून ओरडत होती. मी गल्ल्याचा कठडा धरला.

“मग आजून चौकात माझ्या नावानं बोंबलता कामून अप्पा? अव्वाला कामून सांगता मी खाल्लं म्हणून?”

त्यांनी पुडी बांधली, दोरा दातानं तोडला, आणि पुडी बाकीच्या पुड्यांवर नीट रचली.

“मला घरी जेवावं लागतंय,” अप्पा म्हणाले.